पत्रकावर माझ्या नावाखाली ‘डान्स थेरपिस्ट’ छापलंय. काय करू?

तिहाई_पुणे
14 वर्षं कथक शिकवतेय. जूनपासून दर बुधवारी एका विशेष शाळेत तासभर जाते. 12 मुलं, बहुतेक स्वमग्न. परवा संस्थेचं पत्रक हातात पडलं, तर माझ्या नावाखाली ‘डान्स थेरपिस्ट’! माझ्याकडे 5 दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट आहे, बस्स. बोलले तर म्हणाले, “ताई, देणगीदारांना तेवढंच कळतं.”

खरं खुपतंय ते वेगळंच. आमच्याकडे हस्तक (हाताची ठेवण) चुकला की गुरू मनगट धरून सरळ करतात. आधी विचारायचं असतं हे कधी डोक्यातच आलं नाही. त्याच सवयीने एका मुलाचं कोपर उचललं. ओरडला नाही, काही नाही. भिंतीशी जाऊन बसला आणि तास संपेपर्यंत पाठ फिरवून राहिला. पुढच्या बुधवारी मी दारात दिसताच कानांवर हात. आता संस्थेला याच मुलांचा व्हिडिओ हवाय. या कामाचे काही नियम असतात का?

रिकामा_मंच
मी मुंबईत हेच काम करते. टिसने (टाटा समाजविज्ञान संस्था) कोलकाता संवेद या संस्थेसोबत चालवलेला डान्स-मूव्हमेंट थेरपीचा डिप्लोमा केलाय. पत्रक बदलून घ्या, आणि तसं लेखी मागा. ‘नृत्यशिक्षिका’ लिहिण्यात कमीपणा नाही. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत डान्स-मूव्हमेंट थेरपिस्टचं नाव आलंय, तेव्हा हे बिरूद हौसेने लावायचं नाही.

स्पर्शाचं म्हणाल तर आधी सांगायचं, स्वतःवर करून दाखवायचं, मग थांबायचं. मूल बोलत नसेल तर खांदे बोलतात. ते वर चढले, मान वळली, की उत्तर ‘नाही’. मी तर बहुतेक वेळा हात लावतच नाही. समोर बसून त्याचीच हालचाल हळूच परत करते. डान्स थेरपीचा पाया घालणाऱ्या मॅरियन चेस यांनी 1940 च्या दशकात वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात रुग्णांसोबत अशीच सुरुवात केली होती.

आणि ते कानांवर हात तुमच्यासाठी होते की घुंगरांसाठी?

कोथरूडकर_काका
आमच्या गुरुजींनी पायावर छडी मारून ताल शिकवला. काही बिघडलं नाही आमचं.

सोडलेली_सम
काका, माझं बिघडलं. बारावीत घुंगरू सोडले ते चाळिशीत पुन्हा बांधले.

फळा_खडू
विशेष शिक्षिका आहे, व्हिडिओपुरतं बोलते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 24 सांगतं की उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायचा नाही. ते उपचारकेंद्रांसाठी आहे, शाळेसाठी नाही. पण मोजपट्टी तीच धरा. प्रवेशअर्जावरची सरसकट सही चालवून घेऊ नका. कोणता व्हिडिओ, कुठे, किती दिवस, हे पालकांना दाखवून विचारा. आणि मूल कॅमेऱ्यासमोर वळून बसलं तर पालकांची सही असली तरी बंद करा.

तिहाई_पुणे
घुंगरांचंच होतं बहुतेक! या बुधवारी ते पिशवीतच ठेवले, नुसती पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले. तो भिंतीशीच होता, पण तोंड आमच्याकडे. ‘ता थै थै तत्’ला अंगठा गुडघ्यावर हलत होता. मी न पाहिल्यासारखं केलं.

पत्रकं पुन्हा छापणार नाहीत म्हणाले. मग मी आणि ऑफिसातल्या ताईंनी बसून उरलेल्यांवर स्टिकर चिकटवले. व्हिडिओ सध्या थांबवलाय, अध्यक्ष नाराज आहेत.

रिकामा_मंच, महिन्यातून एकदा सुपरव्हिजनला, म्हणजे माझ्या कामावर बोलून मार्गदर्शन करायला, वेळ द्याल का? फीसुद्धा सांगा. व्यनि (खासगी निरोप) केलाय.