फाटलेला मेनिस्कस: टाके घालण्याचा आग्रह कितपत रास्त?

पायवाट (धागाकर्ता)
एमआरआयमध्ये मेनिस्कस, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधली चंद्रकोरीच्या आकाराची गादी, फाटलेली दिसली की ‘कापू नका, शिवून घ्या’ असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. शिवण्याच्या यशाबद्दल जितके बोलले जाते तितके अपयशाबद्दल बोलले जात नाही, अशी माझी तक्रार आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात टाके घातलेल्या सुमारे २१ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे आढळले. फाटका भाग कापून काढलेल्यांत हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय कापल्यावर माणूस काही आठवड्यांत कामाला लागतो, तर टाके घातल्यावर कुबड्या येतात, गुडघा वाकवण्यावर बंधने येतात आणि मैदानावर परतायला अनेक महिने जातात. रोजंदारीवर पोट असलेल्या रुग्णापुढे हा हिशेब कोणी मांडतो का?

नडगीकर
आपली आकडेवारी योग्य आहे, निष्कर्ष नाही. कापून टाकलेला भाग पुन्हा फाटणारच नाही, त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया टळली एवढ्यावरून कापणे सरस ठरत नाही. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यात सांध्यातील फट अरुंद होणे वगैरे बदल क्ष-किरण चित्रात दिसतात, हे फेअरबँक या शल्यचिकित्सकांनी १९४८ सालीच नोंदवले होते. झीज सुरू होते ती पुढच्या वर्षांत, आणि तेव्हा कापणाऱ्या डॉक्टरांच्या हिशेबात तो रुग्ण नसतो. आपल्याच आकड्यांनुसार पाचांपैकी चौघांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडली नाही.

सावकाश
शस्त्रक्रिया करायचीच, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, झिजेमुळे मेनिस्कस फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींचा फाटका भाग दुर्बिणीतून कापला आणि उरलेल्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात लक्षणीय फरक आढळला नाही (२०१३). तरुणांचे म्हणाल तर डेन्मार्कमधील १८ ते ४० वयाच्या १२१ रुग्णांच्या चाचणीत (२०२२) लगेच शस्त्रक्रिया केलेला गट आणि आधी व्यायाम करून गरज पडल्यास शस्त्रक्रिया करणारा गट वर्षभराने सारख्याच स्थितीत होते.

नडगीकर
त्या डॅनिश चाचणीत व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने वर्षभरातच शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगायला हवे होते. फिनलंडच्या चाचणीचा तर टाक्यांशी संबंधच नाही, तिथे प्रश्न कापण्याचा होता. कबड्डीत गुडघा मुरगळून फाटलेला तुकडा सांध्यात सरकला आणि पाय सरळच होईना, अशा विशीतल्या खेळाडूला चाळिशीपुढच्या झिजेचे निष्कर्ष लावणे मला धोकादायक वाटते. अडकलेला गुडघा व्यायामाने सुटत नाही.

पायवाट (धागाकर्ता)
अडकलेल्या गुडघ्याबद्दल माझा वाद नाही. परंतु बास्केटबॉलपटू डेरिक रोझ याने २०१३ साली उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस शिवून घेतला, त्यापायी उरलेला हंगाम गमावला, आणि २०१५ साली तोच मेनिस्कस पुन्हा फाटून शेवटी कापावा लागला. उत्तम उपचार मिळणाऱ्या खेळाडूची ही कथा असेल तर इतरांना आधी जोखीम सांगायला नको का?

सांधेवाला
एका खेळाडूवरून काही सिद्ध होत नाही. प्रौढ माणसाच्या मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथली उभी चीर टाक्यांनी बऱ्याचदा भरते, आतल्या काठाची मात्र क्वचितच. त्याच वेळी पुढचे क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध, नव्याने बसवले असेल तर टाके टिकण्याची शक्यता वाढते. मेनिस्कसचे मूळच हाडापासून सुटले असेल तर सगळी गादी निकामी झाल्यासारखीच असते, आणि तिथे वय चाळिशीपुढचे आहे एवढ्या कारणाने शिवण नाकारणे मला पटत नाही. पायवाट, आपल्या आकडेवारीत चीर कुठे होती यानुसार वर्गवारी केलेली आहे का? नसेल तर २१ टक्क्यांचा आकडा कोणाच्या गुडघ्याला लावायचा, हे कळायला मार्ग नाही.