मदत हवी आहे: सोळा वर्षांचा बॉयलर दुरुस्त करू, नवा घेऊ, की हीट पंप लावू? (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

थोडं घाईतच लिहितेय. गेले चार दिवस घरातलं हीटिंग मध्येच बंद पडतंय. साताऱ्याहून आई आलीय, तिची सत्तरी उलटलीय, आणि पहाटे बाहेर तापमान शून्याखाली जातंय. शुक्रवारपर्यंत एका कंपनीला हो की नाही ते कळवायचं आहे. इथे इंग्लंडात राहणारे आणि यातून गेलेले बरेच जण आहेत, म्हणून सगळं सविस्तर मांडते.

घर १९३० च्या दशकातलं, तीन बेडरूमचं सेमी, म्हणजे एक भिंत शेजारच्या घराला जोडलेली. डबल ग्लेझिंग आहे, लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, इन्सुलेशन आहे, भिंतींमधली पोकळी आधीच्या मालकांनी भरून घेतलीय. बॉयलर गॅसवरचा कॉम्बी, २००९ चा. म्हणजे रेडिएटर तोच तापवतो आणि नळाचं गरम पाणीही तोच देतो. गरम पाण्याची टाकी त्याच वेळी काढून टाकली असावी; तिच्या कपाटात आता लेकीची पुस्तकं आहेत. दरवर्षी न चुकता सर्व्हिसिंग करून घेतलंय, कागद जपून ठेवलेत.

आता लक्षणं. रात्री झोपताना फिलिंग लूप (हीटिंगमध्ये नळाचं पाणी भरायची जोडणी) उघडून दाबाचा काटा दीड बारवर आणून ठेवते. सकाळी उठून बघावं तर काटा अर्ध्याच्याही खाली, बॉयलर लॉक झालेला आणि रेडिएटर गारठलेले. परत पाणी भरायचं, परत बटण दाबायचं. आता तर दिवसातून तीनदा भरावं लागतंय. घरात कुठेही ओल नाही. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही व्हॉल्व्हखाली टिश्यू पेपर ठेवून पाहिले, सगळे कोरडे. जमिनीखालून जाणाऱ्या पाईपांचं मात्र सांगता येत नाही.

ज्या कंपनीशी सर्व्हिसिंगचा करार आहे तिचा माणूस येऊन गेला. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, हीट एक्स्चेंजर (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) आतून गळत असणार, सोळा वर्षं झाली म्हणजे याचं आयुष्य संपलं. नवा ३० किलोवॅटचा कॉम्बी २,६५० पौंडांत, दोन दिवसांत बसवून देतो. हा भाव शुक्रवारपर्यंतच. "गळती दिसली का?" असं विचारलं तर "आत असते, दिसत नाही" म्हणाला. मला हे पटलं नाही, पण खोडून काढण्याइतकं ज्ञानही माझ्याकडे नाही.

घोळ असा की ऑक्टोबरात मी हीट पंपाचं, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर घरात खेचणाऱ्या यंत्राचं, कोटेशन घेऊन ठेवलं होतं. सगळं मिळून १२,४०० पौंड, त्यात गरम पाण्याची २०० लिटरची टाकी आणि तीन रेडिएटर बदलणं आलं. सरकारी बॉयलर अपग्रेड स्कीमच्या अनुदानाचे ७,५०० वजा जाऊन आम्हाला ४,९०० पडतात. पण त्यांना सहा ते आठ आठवडे लागणार. तेवढे दिवस आईला गारठ्यात ठेवू का? आणि आज कॉम्बी बसवला तर पुढची पंधरा वर्षं आम्ही गॅसलाच बांधले गेलो. नवा कोरा बॉयलर काढून कोण हीट पंप लावणार?

बिलाचा हिशेबही केलाय. वर्षाला साधारण १३,५०० युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) गॅस लागतो, माझ्या दराने ६ पेन्सचा युनिट धरून ८१० पौंड. वीज २६ पेन्सला पडते. गॅसमधली ८५ टक्के उष्णताच बॉयलर घराला देतो असं धरलंय. हीट पंपाने एका युनिट विजेत सरासरी साडेतीन युनिट उष्णता दिली तर बिल ८५० च्या आसपास येईल, तीनच दिली तर हजाराला टेकेल. म्हणजे बचत दिसत नाही. गॅसचं कनेक्शनच बंद केलं तर रोजचा स्थिर आकार वाचेल, वर्षाचे शंभराहून जास्त पौंड. पण मग शेगडीही गेली. आमच्याकडे रोज भाकरी नाहीतर फुलके होतात, आणि भाकरी शेवटी आचेवरच फुगते.

आईला हीट पंपाबद्दल सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "रेडिएटरला हात लावून शेकता येईल ना?" ते कोमट असतात असं वाचलंय, म्हणून तिला उत्तर दिलं नाही.

माझे प्रश्न असे:
हीट एक्स्चेंजर खरंच गेलाय हे कसं ओळखायचं?
हा हिवाळा निघेल एवढी दुरुस्ती शक्य आहे का?
हीट पंप लावलेल्यांना अशा घरात खरोखर ऊब मिळते का?

प्रतिसाद (लीड्स)

ताई, शुक्रवारची सही आधी थांबवा. दोन गोष्टी बघून सांगा. एक, हीटिंग पूर्ण तापलेलं असताना काटा कुठवर जातो? दोन, बॉयलरच्या मागच्या भिंतीतून बाहेर एक बारीक तांब्याचा पाईप निघतो, तोंड भिंतीकडे किंवा खाली वळवलेलं असतं. त्यातून थेंब पडतायत का?

प्रतिसाद (एडिंबरा)

बॉयलरचा कंडेन्सेट पाईप (धुरातून निथळलेलं पाणी वाहून नेणारा) गोठला नाही ना? प्लास्टिकचा पांढरा पाईप बाहेरून जात असेल तर कोमट पाणी ओतून बघा. उकळतं नको.

धागाकर्ती

एडिंबराकर, धन्यवाद. तो पाईप आतच सिंकखाली जातो, त्यामुळे गोठायचा प्रश्न नाही.

लीड्सकर, तापल्यावर काटा पावणेतीन-तीनपर्यंत जातो! मी आजवर फक्त सकाळी गार असतानाच बघत होते. आणि बाहेरच्या पाईपाचं आईने सांगितलं. ती रोज सकाळी पाखरांना पोळीचे तुकडे टाकायला मागे जाते. म्हणाली, "त्या भिंतीवर बर्फाचा ओघळ आहे, मी परवापासून बघतेय." तिने लगेच स्टीलचा पेला खाली ठेवला. हीटिंग लावून तासाभराने बघितलं तर पेला अर्धा भरलेला, पाणी काळपट आणि तळाशी बारीक काळा गाळ. कंपनीचा माणूस मागच्या दारी गेलाच नव्हता.

प्रतिसाद (लीड्स)

मग तुमचा एक्स्पान्शन व्हेसल गेलाय, किंवा त्यातली हवा संपलीय. पाणी तापलं की फुगतं. त्या वाढलेल्या पाण्याला जागा म्हणून बॉयलरच्या आत हा लाल किंवा राखाडी डबा असतो. मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. हवा उरली नाही की पाण्याला जायला जागा नाही. दाब ३ बारवर पोचतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी त्या बाहेरच्या पाईपातून निघून जातं. गार झाल्यावर तेवढंच पाणी कमी पडतं, म्हणून सकाळी काटा खाली. वर तुम्ही रोज नवं पाणी भरताय. त्यातल्या ऑक्सिजनने रेडिएटर आतून गंजतात. पेल्यातला काळा गाळ तो हाच.

डब्याला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. तो दाबल्यावर पाणी आलं तर पडदा फाटलाय, डबा बदलावा लागेल. नुसती हवा आली किंवा काहीच आलं नाही तर पंपाने हवा भरून काम होतं. पण बॉयलरचं झाकण तुम्ही उघडू नका. गॅस सेफ (इथली गॅसकाम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला स्थानिक, सुटी कामं करणारा माणूस बोलवा, आणि फोनवरच "व्हेसल आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बघायचाय" असं सांगा. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजेच तो सेफ्टी व्हॉल्व्ह, तोही बदलून घ्या. एकदा उघडला की कचरा अडकून तो नीट बसत नाही. आल्यावर ओळखपत्र मागा, त्याच्या मागच्या बाजूला तो कोणती कामं करू शकतो ते लिहिलेलं असतं. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच आणा.

प्रतिसाद (मिल्टन कीन्स)

आमचं घरही तीन बेडरूमचंच, हीट पंपावर हा दुसरा हिवाळा. ऊब मिळते, पण वेगळी. गॅसवर आपण सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास घर तापवतो, मध्ये ते गार होतं. हीट पंप मंद आचेवर दिवसभर चालू ठेवायचा. तो सारखा बंद-चालू करायला गेलात तर बिलही वाढेल आणि घरही तापणार नाही. रेडिएटरचं तापमान चाळिशीत असतं, हात शेकायला तो कमीच पडेल, हे आईंना खरं तेच सांगा. मात्र पहाटे तीनला उठलं तरी फरशी बर्फासारखी लागत नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, नंतर घरात स्वेटर घालायचा सोडला.

तुमचं घर त्यासाठी तयार आहे का हे एक पैसा न घालवता कळतं. बॉयलर सुरू झाला की रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर आणा आणि थंडीच्या दिवशी हीटिंग सलग चालू ठेवा. जी खोली तापणार नाही तिचा रेडिएटर लहान आहे. कॉम्बीत गरम पाणी साठवलेलं नसतं, म्हणून हे चालतं. टाकी असणाऱ्यांनी टाकीचं तापमान असं उतरवू नये, त्यात जंतू वाढतात. याने गॅसही वाचेल. परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातली उष्णता खऱ्या अर्थाने परत मिळवतो. बहुतेकांच्या घरी तो ७०-७५ वर लावलेला असतो, आणि सर्व्हिसिंगला येणाऱ्यांपैकी आजवर एकानेही ते आम्हाला सांगितलं नव्हतं.

दुसरं, त्याच दिवशी गॅसचं मीटर २४ तासांच्या अंतराने वाचा, म्हणजे घराला किती उष्णता लागते ते कळेल. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. ३० किलोवॅटच्या आकड्यावर जाऊ नका. कॉम्बीला तेवढी ताकद शॉवरचं पाणी चालता चालता तापवायला लागते, घराला त्याचा छोटा भागच पुरतो.

धागाकर्ती (अकरा दिवसांनी)

मंडळी, उशिरा लिहितेय, पण काम पुरं करून लिहितेय.

कंपनीला नकार कळवला. गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या ओळखीचा गॅस सेफवाला आला. त्याने व्हेसलचा व्हॉल्व्ह दाबला तर फुस्स आवाजही नाही, पाणीही नाही. पडदा शाबूत, हवा शून्य. आधी बॉयलरमधलं पाणी सोडलं, मग पायाने मारायच्या पंपाने १ बारपर्यंत हवा भरली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला आणि गंज रोखणारं रसायन घातलं. दीड तास आणि १४० पौंड. हीट एक्स्चेंजर कोरडा ठणठणीत आहे, टॉर्च मारून मलाही दाखवला. नऊ दिवस काटा गार असताना सव्वा आणि तापल्यावर पावणेदोनच्या आत. आईचा पेला अजून बाहेर ठेवलाय, कोरडा आहे.

मग मिल्टन कीन्सकरांनी सांगितलेलं केलं. शनिवारी दिवसभर शून्य ते दोन अंश होतं. ५० वर लावून २४ तास चालू ठेवलं. मीटर १२ घनमीटर सरकलं, म्हणजे १३२ युनिट. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ११२ युनिट उष्णता, तासाला पावणेपाचच्या आत. त्यातच शॉवर आणि स्वयंपाकही आला. खालच्या खोल्या १९-२० वर राहिल्या, लेकीची खोलीही. फक्त मागे वाढवलेली स्वयंपाकघराची बाजू १६ वर अडकली. तिथला रेडिएटर एकपदरी आहे आणि पाईपही १० मिलिमीटरचा, बाकी घरात १५ चा. ऑक्टोबरच्या कोटेशनमध्ये तीन रेडिएटर बदलायचे होते, त्यात हा नव्हताच! आणि इथे तासाला पाच युनिटही लागली नसताना पंप ८ किलोवॅटचा धरला होता. आता त्यांच्याकडे खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब मागितलाय आणि आणखी दोन ठिकाणी कोटेशन मागवलंय. काम उन्हाळ्यात, घाई न करता. हीट पंपावरचा व्हॅटही मार्च २०२७ पर्यंत शून्यच आहे.

आईने शनिवारी रेडिएटरला हात लावून बघितला. म्हणाली, "हे चालेल. गार नसलं म्हणजे झालं. रात्री गुडघे दुखले नाहीत." आमच्या वाड्यात बंब होता, त्याचं पाणीही असंच दिवसभर कोमट राहायचं, ही आठवण तिनेच काढली.

आता दोनच प्रश्न उरलेत. टाकी लॉफ्टमध्ये ठेवलेली कुणाकडे आहे का? लेकीचं कपाट मला काढायचं नाहीये, पण २०० लिटर पाण्याचं वजन छतावर घेण्यासाठी काय तयारी करावी लागली ते कळलं तर बरं. आणि इंडक्शनवर ज्वारीची भाकरी रोज करणाऱ्या ताई-काकू कुणी असतील तर तवा कोणता वापरता आणि शेवटची बाजू कशावर शेकता, ते जरूर लिहा. गॅसचं मीटर काढायचं की ठेवायचं हे त्यावरच अडलंय.