मदत हवी आहे : जनरल ग्रँट यांच्या मुंबईभेटीचे मराठी उल्लेख

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेला विजय मिळवून देणारे आणि १८६९ ते १८७७ या काळात राष्ट्राध्यक्ष राहिलेले जनरल युलिसिस ग्रँट यांच्यावर मी लेख लिहीत आहे. त्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे. त्यांच्या कारकिर्दीतील भ्रष्टाचाराचीच चर्चा फार होते, पण कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क राखण्यासाठी त्यांनी केलेले प्रयत्न मला अधिक मोलाचे वाटतात. कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या दहशतीपुढे स्थानिक न्यायालये हतबल झाली, तेव्हा त्यांनी १८७१ मध्ये काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, कडक कायदा करून घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण कॅरोलिनातील नऊ परगण्यांत लष्कर वापरून शेकडो जणांना अटक करवली.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा तेथे ग्रँट यांचेच सरकार होते. पुढे जगप्रवासात ते फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत आले आणि मलबार पॉइंट येथे उतरले. गुलामांच्या मुक्तीसाठी लढलेल्या या सेनानीची दखल सत्यशोधक मंडळींनी घेतली होती का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

‘दीनबंधू’, ‘ज्ञानप्रकाश’ किंवा ‘इंदुप्रकाश’चे त्या महिन्यातील अंक कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील, आणि कोणाच्या वाचनात असा उल्लेख आला असल्यास तो नेमका कोठे आहे, हे कृपया कळवावे.