पडद्यावरचा फितूर आणि आपल्या वाडीतला

मंडळी, परवा लाईट गेली तेव्हा अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, तर विषय निघाला ऐतिहासिक सिनेमांचा. गादी, वतन, लोभ, फितुरी. हे सगळं बघताना घाटावरच्या पाहुण्यांना जे वाटतं तेच आपल्याला वाटतं का? माझं म्हणणं, नाही. संगमेश्वर, हर्णै, विजयदुर्ग ही नावं त्यांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचली, आपण एसटीच्या पाटीवर. तेव्हा लिहा. असा सिनेमा बघताना, बघून आल्यावर किंवा मधेच उठून आल्यावर तुमच्याकडे काय झालं? अट एकच, आडनावावरून कोणाला शिव्या नकोत. सुरुवात मीच केली असती, पण मी रडलो, यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

कसबा संगमेश्वरच्या अलीकडून

२०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा तो हिंदी सिनेमा आला आणि आमच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली. एरवी कर्णेश्वराचं देऊळ बघायला कोणी चुकूनमाकून वळायचं. माझं छोटं दुकान आहे, कोकम सरबत, आमसुलं, फणसपोळी. एक कुटुंब उतरलं, मुलगा सात-आठ वर्षांचा. बापानं विचारलं, "महाराजांना पकडलं ती जागा कुठं?" सांगितली. १ फेब्रुवारी १६८९, औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून आला, सगळं आता पाठ झालंय. मग तो म्हणाला, "आणि त्या फितुराचं घर?"

सिनेमात ज्या घराण्याकडे बोट जातं, ते माझ्या बायकोचं माहेरचं आडनाव. ती तेव्हा सरबत ओतत होती. ग्लास भरला तरी हात थांबला नाही, फळीवरून लाल ओघळ खाली आला. बोलली काही नाही. फडक्यानं पुसलं, दुसरा ग्लास भरला आणि त्या मुलाच्या हातात दिला. पैसे घेताना वीस रुपये कमी घेतलेन्, ते का, मला अजून कळलेलं नाही.

बोलली ती रात्री. "येसूबाई पण शिर्क्यांचीच ना? मग तिचं माहेर कोणी का विचारत नाही?" ज्यांच्याकडे बोट जातं ते गणोजी शिर्के म्हणजे येसूबाईंचा भाऊ, शिवाय महाराजांच्या बहिणीचा नवरा, म्हणजे दोन्हीकडून मेहुणा. दाभोळच्या वतनावरून बिनसलं होतं हेही खरं. पण खानाला वाट नेमकी कोणी दाखवली, यावर जाणत्यांचं आजही एकमत नाही. वंशजांनी सिनेमाला हरकत घेतली त्याची बातमी मी तिला मोबाईलवर दाखवली. म्हणाली, "त्यांना निदान पत्रकारांसमोर बोलता येतं. मी हळदीकुंकवात काय करू?"

देवगड

आजयेक घेऊन गेललंय. तिनं जन्मभर दशावतार बघितलेला. लढाई सुरू झाली तसं मोठ्यांदा म्हणाली, "ह्यांका पेटी-मृदुंग नाय मिळालो?" सगळी रांग हसली. शेवटी छळाचे प्रसंग आले तेव्हा मात्र तोंडावर पदर ओढून बसली ती दिवे लागेपर्यंत. बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न, "तो काम करणारो झील बरो आसा मा?"

मुरूड

आमच्याकडे फितुरीची गोष्ट सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे. आजोबा राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाची होडी न्यायचे. जाताना गोष्ट सांगायची रीतच. बेटावर आधी कोळ्यांचा मेढेकोट, म्हणजे लाकडी ओंडक्यांचा कोट होता, त्यांचा पुढारी राम पाटील. पिरमखान व्यापारी बनून आला, आसरा मागितला, राम पाटलानं दिला. रात्री पिंपांतली दारू कोळ्यांना पाजली आणि पेट्यांतनं माल नाही, माणसं बाहेर आली. पर्यटकांना सांगताना आजोबा दारूचा भाग गाळायचे. "पाहुणा म्हणून घेतला, त्यानं दगा दिला," एवढंच. घरी, तेही शिमग्याला, पूर्ण सांगायचे. "प्यायलो म्हणून गेला."

आणि कोणाला सिनेमाच काढायचा असेल तर १६७० च्या आसपासचा काढा. जंजिऱ्याचा फत्तेखान शिवाजी महाराजांना किल्ला द्यायला तयार झाला, तर त्याच्याच सिद्दी सरदारांनी त्याला कैदेत टाकलं. आता यात फितूर कोण? किनाऱ्यावरून बघा नि मग तटावरून बघा.

विजयदुर्ग

मी न निघालेल्या सिनेमाबद्दल लिहिणार. आमच्या इथे खाडीला आंग्र्यांच्या वेळची गोदी आहे. लहानपणी तिथे कुर्ल्या धरायचो. बाबा म्हणायचे, "हय जहाजां दुरुस्त होयत," आणि पुढे गप्प. ते गप्प का, ते मोठेपणी वाचल्यावर समजलं.

कान्होजी आंग्र्यांचे मुलगे तुळाजी तेव्हा विजयदुर्गावर होते, ते जुमानत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. एप्रिलात सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर चालून आले. पेशव्यांचे रामाजी महादेव जमिनीवरून होते, तुळाजी त्यांच्याकडे बोलणी करायला गेले ते परत किल्ल्यात आलेच नाहीत. बंदरात एका जहाजाला आग लागली आणि एकमेकांना बांधलेलं सगळं आरमार त्या आगीत गेलं. कान्होजींनी उभं केलेलं. इंग्रजांनी लुटीची वाटणी मुंबईहून निघण्याआधीच आपसांत ठरवून ठेवली होती. सुमारे दहा लाखांतली दमडी पेशव्यांना दिली नाही, वर किल्ल्यावर स्वतःचं निशाण. किल्ला सुटला तो इंग्रजांना बाणकोट दिल्यावर.

यावर सिनेमा का नाही? खलनायक कोणाला करणार, सांगा. तुळाजी आपल्यांनाही लुटायचे, म्हणून पेशव्यांचीही बाजू आहे. खानाला दाढी लावली की काम भागतं, इथे दोन्हीकडे पगडी.

गुहागर

चिपळूणला सिनेमा बघायला गेलो तो चुलतभावाबरोबर. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं सामायिक बागेतला आपला हिस्सा एजंटला विकला. आम्हाला पत्ता तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली तेव्हा. त्या हिश्श्यातली सात कलमं माझ्या आईनं पाणी घालून वाढवलेली. बोलणं बंद नव्हतं, पण जेवढ्यास तेवढं. तिकिटं त्यानंच काढली, मी नाही म्हणू शकलो नाही.

पडद्यावर वतनाची बोलणी सुरू झाली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "हाणा त्याला!" अख्खं थिएटर ओरडायला लागलं. आम्ही दोघंच गप्प. त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो त्यानं हळूच मांडीवर घेतला. मध्यंतरात दोन वडापाव घेऊन आला. एक मला दिला आणि म्हणाला, "मुलीची फी भरायची होती रे." मी म्हटलं, "चटणी तिखट आहे."

परत येताना गाडी त्याचीच होती. मोडकाआगरपर्यंत कोणी बोललं नाही. तिथे त्यानं काच खाली केली आणि विचारलं, "त्या कलमांना मोहोर आलाय का बघितलास?" आलाय, मी म्हटलं.