जुन्या एसयूव्हीत एअरबॅग खरंच आहे की नाही, हे कसं तपासायचं?

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळायचं नाही.

मार्चमध्ये आम्ही नवी मुंबईतल्या एका डीलरकडून सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली. २०१८ चं मॉडेल, एमएच-४३ पासिंग, आधी एकच मालक. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण पुढे जाऊ शकतं. राहायला घोडबंदर रोडला, त्यामुळे गाडीचे काय हाल होतात ते इथल्यांना वेगळं सांगायला नको.

एसीचं पाणी डाव्या सीटच्या पायाशी गळतं, मागचा दरवाजा मनात आलं तर लॉक होतो. ते सगळं चालवून घेतलं. पण पाऊस सुरू झाला आणि एअरबॅगचा दिवा लागला तो लागलाच. त्याच सुमाराला हॉर्नही दगा देऊ लागला. स्टिअरिंग सरळ असेल तर वाजतो, उजवीकडे वळवलं की मुका. डीलरने गाडी ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी 'ओके मॅडम, काम झालं' म्हणून परत दिली. दिवा गेला. हॉर्न मात्र अजून तसाच.

आता खटकतंय ते वेगळंच. चावी फिरवली की मीटरमधले सगळे दिवे क्षणभर पेटतात ना, त्यात एअरबॅगचा पेटतच नाही. इंजिन ऑइल, बॅटरी, एबीएस, सगळे पेटतात. हा नाही.

मग मी बारकाईने बघायला लागले. पुढच्या दोन्ही सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर २०२१ साल आहे, मागच्या बेल्टवर २०१८. डाव्या बाजूला डॅशबोर्डचा बॅगेवरचा भाग किंचित जास्त काळा आहे, हात फिरवला की दाणाही वेगळा लागतो. डीलर म्हणतो, 'गाडी नॉन-अ‍ॅक्सिडेंटल आहे, आणि तसंही आम्ही फक्त मध्यस्थ.' वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने तर 'दिवा लागत नाही ना, मग टेन्शन कशाला घेता' असं ऐकवलं.

गणपतीला कोकणात जायचंय. सासरे पुढच्या सीटशिवाय बसत नाहीत, मुलगी मागे. बॅगा आत आहेत की नाहीत हे डॅशबोर्ड न फोडता कळेल का? आणि नसतील तर जबाबदार कोण?

— कोलशेतची_सून

---

पाना_पक्कड:
ताई, हॉर्न आणि दिवा एकाच वेळी गेले म्हणजे पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर. स्टिअरिंग फिरत असतं, तरी बॅगेला आणि हॉर्नला करंट पोचायला हवा. त्यासाठी आत रिबनसारखी सपाट केबल गुंडाळलेली असते. ती तुटली की वळवताना कनेक्शन जातं. दिवा सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमुळेही लागतो, व्हॅक्युम मारताना तो सैल होतो. पण त्यात हॉर्न जात नाही.

तुमच्याकडे दुरुस्ती झालेलीच नाही, हे हॉर्नच सांगतोय. बॅगेच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावला की कंट्रोल युनिट, म्हणजे बॅग कधी उघडायची ते ठरवणारा कॉम्प्युटर, फसतं, पण तेव्हा दिवा पेटून नीट विझतो. तुमचा पेटतच नाही, म्हणजे मीटर उघडून दिव्याचाच काटा काढलेला दिसतोय. ही त्याहून स्वस्तातली हातचलाखी. आत फॉल्ट तसाच असणार, आणि फॉल्ट असताना धडक बसली तर बॅग उघडेल याचा भरवसा नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एसआरएस (एअरबॅग यंत्रणा) स्कॅन करून घ्या. बॅग एकदा उघडली असेल तर बऱ्याच गाड्यांच्या युनिटमध्ये त्याची नोंद राहते. युनिट बदललं असेल तर त्याचा नंबर गाडीशी जुळत नाही. मग स्टिअरिंगची बॅग काढून प्रत्यक्ष दाखवायला सांगा, ते फार मोठं काम नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्यावरच हात घालायचा असतो. नाक्यावरच्या कुणाला मल्टिमीटर लावू देऊ नका, बॅग तोंडावर उघडू शकते.

आणि भंगारातून जुनी बॅग आणून बसवतो म्हणणारे भेटतील. नको. टाकाटा कंपनीच्या बॅगांचं काय झालं ते आठवा: इन्फ्लेटरमधलं (बॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेत बिघडून धातूचे तुकडे उडायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. आपली हवा तर खाडीकाठची. भंगारातली बॅग कुठल्या गाडीतली, किती पाण्यात बुडालेली, कोण सांगणार?

गायमुखकर:
पुढे लोखंडी गार्ड असेल तर आधी काढा. बॅगेच्या सेन्सरचं गणित बिघडतं. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, तरी डीलर 'फ्री अ‍ॅक्सेसरी' म्हणून गळ्यात मारतात.

माजी_सर्व्हेअर:
बेल्टवरचं साल बरोबर हेरलंत. मोठ्या धडकेत पुढच्या बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट झटक्यात आवळणारे भाग) बॅगेबरोबरच उडतात, ते पुन्हा वापरता येत नाहीत. म्हणजे २०२१ किंवा त्यानंतर पुढून दणका बसलेला असण्याची शक्यता मोठी.

जुन्या मालकाची विम्याची पॉलिसी असेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, बघा. एकही क्लेम नसेल तर पाच वर्षांत तो ५० टक्क्यांवर जातो. २०२२ किंवा २०२३ च्या पॉलिसीत शून्य किंवा २० दिसला तर मध्ये क्लेम झालाय असं समजायला हरकत नाही. मात्र बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हाच एक पुरावा धरू नका.

'फक्त मध्यस्थ' हे ऐकून घेऊ नका. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये जाते. तो फॉर्म मागा. पावती डीलरच्या नावाची आहे का तेही बघा. 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल' हा शब्द जाहिरातीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर आजच स्क्रीनशॉट काढा.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, मग लेखी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दहापर्यंत २०० रुपये.

पाना_पक्कड:
एक राहिलं. चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल (दोष निघाल्याने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का बघा. सरकारी रिकॉलचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे, पण कंपनीने स्वतःहून जाहीर केलेलं काम जुन्या गाडीलाही सहसा फुकट करून देतात.

कोलशेतची_सून:
सगळ्यांचे आभार. जुनी पॉलिसी सापडली, २०२३ ची, बोनस २०. पावती डीलरच्याच लेटरहेडवर आहे. गार्ड आहे, तोही 'फ्री'. कोकणात रेल्वेने जातोय. सासरे रुसलेत, रुसू देत. सर्व्हिस सेंटरने लेखी द्यायला कां-कूं केली तर?

माजी_सर्व्हेअर:
गाडी आत देतानाच जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटत नाही, वळताना हॉर्न बंद.' सही करण्याआधी वाचा. स्कॅनचा प्रिंट मिळाला नाही तर स्क्रीनचा फोटो काढा, चॅसी नंबर फोटोत येऊ दे. आणि तोवर डीलरला गाडी पुन्हा हातात देऊ नका, मीटर आहे तसाच राहायला हवा.