पावसाळ्यात मिठाची खेळणी नकोत, दडपे पोहे करा

चार वर्षांच्या मुलीला गॅसपासून लांब ठेवून काय करायला द्यावं, असं एका पालकांनी विचारलंय. दडपे पोहे! पातळ पोहे, ओलं खोबरं, चिरलेली काकडी, कांदा, लिंबू, मीठ, साखर. कालवायचं काम पूर्ण तिचं, फोडणी तेवढी तुमची. मग ताट दाबून 10 मिनिटं ठेवायचं.

मीठ-मैद्याची खेळणी (2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, लागेल तसं पाणी) सुंदर होतात, पण मुंबईच्या पावसाळ्यात नकोतच. मीठ हवेतला ओलावा ओढतं. वाळली तरी पुन्हा चिकट होतात. ऑक्टोबरच्या उन्हात करा, आणि ते पीठ तोंडात जाऊ देऊ नका, फार खारट असतं. सध्या भेंडीचे ठसे उत्तम. आडवी कापून रंगात बुडवली की फुलं उमटतात.