पूल गेला नाही, मॉड्यूल बनलं नाही

फेडोरा लिनक्स अपडेट करून रीस्टार्ट केल्यावर झेडएफएस या फाइल सिस्टमचा पूल (डिस्क एकत्र करून बनवलेला साठा) दिसेना, डेटा गेला का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक काही गेलेलं नाही. आधी टर्मिनलवर 'डीकेएमएस स्टेटस' ही कमांड चालवून पाहा; डीकेएमएस म्हणजे कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) बाहेरची मॉड्यूल, म्हणजे जोड-कोड, बनवून देणारं साधन. चालू कर्नलसमोर झेडएफएसचं मॉड्यूल 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल तर दुखणं तिथेच आहे. बूट मेनूतून जुना कर्नल निवडा, पूल बहुधा गुपचूप परत येईल. फॉरमॅटबिरमॅट काही करू नका!

याच प्रश्नावर कुणीतरी 'डीकेएमएस भिकार आहे' असं म्हटलंय, ते पटलं नाही. ते बिचारं फक्त नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा कंपाइल करतं; ते अडतं कर्नल बदलल्यामुळे. लिनक्स कर्नल आपले अंतर्गत इंटरफेस (मॉड्यूल ज्यांतून कर्नलशी बोलतं ती फंक्शन्स) स्थिर ठेवण्याची हमीच देत नाही. कर्नलच्या आतला कोड ते बदल करणारेच सुधारतात, बाहेरच्याने आपलं आपण बघायचं. आणि झेडएफएस बाहेरच राहणार, कारण त्याचा सीडीडीएल हा मुक्त सॉफ्टवेअर परवाना कर्नलच्या जीपीएल परवान्याशी जुळत नाही, असं बहुतेकांचं मत. 2019 मध्ये 5.0 कर्नलने एफपीयूसंबंधीची (प्रोसेसरच्या दशांश गणिती भागाची) फंक्शन्स जीपीएल नसलेल्या बाहेरच्या मॉड्यूलना बंद केली, तेव्हा झेडएफएसचा चेकसमचा (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) वेग वाढवणारा कोडच अडकला होता.

ओपनझेडएफएसच्या (झेडएफएसची मुक्त आवृत्ती) सोर्स कोडमधल्या 'मेटा' फाइलमध्ये 'लिनक्स-मॅक्सिमम' अशी ओळ असते, म्हणजे चालणारा सर्वांत नवा कर्नल. तो आकडा बघितल्याशिवाय मी कर्नलला हात लावत नाही. रोज नवा कर्नल हवाच असेल तर रूटवर (सिस्टमच्या मुख्य विभागावर) एक्स्टफोर ही कर्नलमधलीच फाइल सिस्टम ठेवा. निदान मशीन तरी सुरू होईल. आणि हो, पूलमध्ये नवी फीचर्स सुरू करणारी 'झेडपूल अपग्रेड' कमांड घाईने मारू नका, नवे फीचर्स सुरू झाले की जुन्या मॉड्यूलकडे परतायची वाट बंद होऊ शकते.